डबे आत घेणारी गल्ली

शनिवार, २ मार्च

आज तीन घरं पाहिली. तिन्ही म्हणे 'उगवत्या' वस्तीत! जेडन नावाचा एजंट – धड दाढी फुटलेली नाही, पायांत मोजे नाहीत – पहिल्याच मिनिटाला मला 'रॉनी' म्हणाला. मी म्हटलं, "मिस टियर्नी." तो म्हणाला, "छान नाव आहे, रॉनी."

ब्रेब्रुकमधल्या पहिल्या घराच्या मागच्या भिंतीतून अंगण दिसत होतं. जाहिरातीत लिहिलं होतं – 'कल्पकतेला वाव.' दुसऱ्यात भरदुपारी दिवे लावावे लागले. ते 'उबदार'. तिसऱ्याच्या कुंपणाला लागून मालगाडीचे रूळ. ते 'स्टेशनजवळ'. जन्मभर कोर्टात लघुलेखिका होते मी, लोकांचं खोटं शब्दशः उतरवून घेतलं. पण शपथेवर खोटं बोलणाऱ्याला निदान घाम फुटायचा. जेडनला फुटत नाही.

"वस्ती उगवतेय," तो म्हणाला. "आत्ता घ्या, पाच वर्षांनी मला दुवा द्याल."

"पाच वर्षांनी मी एकोणऐंशीची होईन. काय उगवायचं ते जरा लवकर उगवू दे."

परत येताना भाची जॅसिंटा म्हणाली, "मावशी, माणसांशी जरा गोड बोलत जा ना." तिचा नवरा ब्रेट गाडी चालवत होता. त्याचे कान लाल झाले होते.

रविवार, ३ मार्च

चर्चला जाऊन आले. आमची जागा – डावीकडून तिसरं बाक – रिकामी होती. बहीण उना कडेला बसायची. मी आजही आतच बसले, कडेची जागा सोडून.

कागदावर तरी नीट मांडते. हे घर आईकडून आलं, उनाचं आणि माझं, निम्मं-निम्मं. उना नोव्हेंबरात गेली. तिचा वाटा तिच्या मुलीचा. जॅसिंटाला तो हवाय – डोक्यावर कर्ज आहे, दोन मुलं आहेत, तिचं काही चुकत नाही. म्हणजे घर विकायचं. आणि माझ्या वाट्यात या यॅराव्हिलमध्ये एक गॅरेजसुद्धा येणार नाही. बाबा कातडी कमावण्याच्या कारखान्यात होते. लहानपणी वारा फिरला की आई खिडक्या लावून घ्यायची. आज त्याच कोपऱ्यावर कुत्र्यांसाठी बेकरी आहे. कुत्र्यांसाठी!

आम्ही इथून कुठेच गेलो नाही. वस्तीच आमच्या अंगावरून उगवून गेली.

मंगळवार, ५ मार्च

आज कचऱ्याचा दिवस. नगरपालिकेची – म्हणजे कौन्सिलची – गाडी रिकामा करून गेल्यावर चाकांचा डबा रस्त्यावरून वेळेवर आत घेतला. आता विसरत नाही.

उनाच्या अंत्यविधीच्या आठवड्यात विसरले होते. डबा रस्त्याच्या कडेला रिकामा उभा राहिला, तो पुढच्या मंगळवारपर्यंत. कौन्सिलने त्यावर नारिंगी चिठ्ठी डकवली – ताकीद! डावीकडे डॉक्टर नवरा-बायको. उजवीकडे दाराला कॅमेरा लावलेले ते दोघे. रोज त्या डब्याला वळसा घालून बाळाची गाडी नेत होते. एकानेही बेल दाबून विचारलं नाही, की बाई, आहात ना?

पूर्वी समोर मिसेस डेव्हनी होती. दुपारपर्यंत कोणाचा डबा बाहेर दिसला की ती तो आत लोटायची आणि जाता जाता खिडकीतून डोकावायची. अतिशय आगाऊ बाई. म्हाताऱ्या पॅडी लॉलरला न्हाणीघरात पडलेलं तिनेच पाहिलं. नंतर तो चार वर्षं जगला, आणि चारही वर्षं तिच्याबद्दल तक्रार करत होता.

तर माझी परीक्षा ठरली. ब्रेटने नकाशे बघावेत, शाळा बघाव्यात, कॉफीची दुकानं मोजावीत. मी कचऱ्याच्या दिवशी दुपारनंतर जाऊन डबे बघणार. ज्या गल्लीत एकाचा डबा दुसरा आत घेतो, ती गल्ली मला हवी. मी मेले तर त्याच दिवशी कोणाला तरी कळलं पाहिजे. वास सुटल्यावर नाही.

गुरुवार, १४ मार्च

जॅसिंटाकडे जेवायला. मेंढीचं मांस कोरडं झालं होतं. छान म्हटलं – गोड बोलायचं ठरवलंय ना.

जेवण झाल्यावर ब्रेटने फोनवर चित्र दाखवलं. त्यांच्या मागच्या अंगणात एक खोकं. खोक्याला खिडकी, खिडकीत फुलं.

"तुझ्या पैशात हे आरामात उभं राहतं, मावशी," जॅसिंटा म्हणाली. "उन्हातान्हात घरं शोधत फिरायला नको. आणि तुझा स्वतंत्र दरवाजा असेल."

"तुमच्या कुत्र्यालाही आहे."

ब्रेट म्हणाला, "आम्ही चांगल्या मनानं सांगतोय, रॉनी मावशी."

चांगल्या मनानंच सांगत होता. तेच तर वाईट. त्यांच्या खिडकीतून मी दिसणार – टोस्ट खाताना, कपडे वाळत घालताना. आणि सकाळी सातला ते सगळे गाड्या काढून जाणार, संध्याकाळी सातला येणार. मधले बारा तास त्या खोक्यात मी आणि कुत्रा.

म्हटलं, विचार करते. दोघांचे चेहरे असे खुलले की मला घरी येऊन वाईट वाटलं.

मंगळवार, १९ मार्च

फूट्सक्रे. सतरा मजली इमारत. डबे दिसतच नाहीत – कचरा भिंतीतल्या भोकात टाकायचा, तो खाली कुठेतरी पडतो. "किती सोयीचं!" जेडन म्हणाला. लिफ्टमध्ये एक बाई भेटली. मी नमस्कार केला. तिने कानातलं गाणी ऐकायचं यंत्र काढलं. "काय?" "काही नाही." तिने ते परत घातलं.

मंगळवार, २६ मार्च

सनशाईन. एक डबा रस्त्यात आडवा पडला होता. तीन माणसं ओलांडून गेली. चौथीने फोटो काढला.

गुड फ्रायडे, २९ मार्च

मासे तळले. सवयीने दोन तुकडे आणले होते. दुसरा तसाच आहे.

मंगळवार, ९ एप्रिल

सापडली!

सेंट ऑल्बन्स, मिलर्ड स्ट्रीट. जेडनला न सांगता गेले, रेल्वेने. विटांची बुटकी घरं, बुटकी कुंपणं. चौदा नंबरवर 'विकणे आहे'ची पाटी. मी समोरच्या बसथांब्यावर बसले. बस येत-जात होत्या, एका चालकाने दोनदा विचारलं, "चढणार का, आजी?" मी म्हटलं, "विचार करतेय."

दुपारी एक म्हातारा बाहेर आला. ठेंगणा, विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्यावर चपटी टोपी. त्याने दहा नंबरचा डबा आत नेला. मग बाराचा. मग चौदाचा, सोळाचा. मग रस्ता ओलांडून या बाजूचे. प्रत्येक डबा फाटकातून आत, भिंतीशी, झाकण बंद, मूठ आतल्या बाजूला. अजिबात घाई नाही. माझ्यासमोरून जाताना टोपीला हात लावला. शेवटी सोळाच्या फाटकातून आत गेला, तो मागच्या बाजूला दिसेनासा झाला.

म्हणजे सोळात राहतो. चौदाच्या भिंतीला भिंत.

घरी येईपर्यंत चेहरा सैल झाला होता माझा. आरशात पाहिलं तर टोपी वाकडी.

मंगळवार, १६ एप्रिल

पुन्हा गेले. एका वेळच्या साक्षीवर निकाल देत नाहीत.

तोच म्हातारा, तेच डबे. या वेळी मी उठून जवळ गेले.

"मी चौदा नंबर बघायला येणार आहे," म्हटलं. "गल्ली कशी आहे?"

त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. बोलणं माल्टाकडचं – शब्द तोंडात ठेवून मग सोडल्यासारखे. "डबे आत जातात," म्हणाला.

"ते मी पाहिलं. म्हणूनच विचारतेय."

"घर आतून बघा, बाई. नळ चांगले आहेत. मागच्या दाराला जरा उचलून ढकलावं लागतं." आणि मग, आपण फार बोललो असं वाटल्यासारखा, टोपीला हात लावून निघून गेला.

शेजाऱ्याच्या मागच्या दाराचीसुद्धा खबर असलेला माणूस! मला आणखी काय पाहिजे?

शनिवार, २० एप्रिल

घर आतून पाहिलं. नेहमीप्रमाणे अर्धा तास उघडं, मालक गायब, दारात जेडन. नेहमीप्रमाणे भाड्याचं फर्निचर – पांढरा सोफा, भिंतीवर नुसत्या रेघांचं चित्र, ओट्यावर काचेच्या भांड्यात प्लॅस्टिकची लिंबं. कोणाचं घर आहे हे कळू नये म्हणून केवढा खटाटोप! भिंतीवर क्रूसाच्या आकाराचा फिकट डाग होता. चित्र नेमकं त्याच्यावर लावलं होतं, पण वर थोडा दिसत होता. कॅथलिक घर. बरं वाटलं.

मागच्या दाराला उचलून ढकललं. उघडलं.

ब्रेट भिंतींवर टिचक्या मारत फिरला. "जमिनीला किंमत आहे," म्हणाला. जॅसिंटाने विचारलं, "मावशी, इथे तू एकटी काय करशील?" म्हटलं, "तेच, जे तिथे करते. पण शेजार असेल."

शनिवार, ४ मे

अक्षर बघा, किती वाकडं. शाळेतल्या सिस्टर अलॉयशसने पट्टी मारली असती.

लिलाव अकराला, चौदा नंबरच्या दारात. सगळी गल्ली बाहेर! साड्यांसारखे रंगीत झगे घातलेल्या दोन बायका, मांडीएवढ्या कुत्र्याला धरून एक मुलगी, कॉफीचे पेले घेऊन फाटकाला टेकलेलं जोडपं. मला वाटलं, बघ रॉनी, ही गल्ली. इथे लोक घराबाहेर येतात. आणि समोरच्या फुटपाथवर तो म्हातारा, इस्त्रीच्या कोटात, हातात कप.

बोली लावणारे तिघंच. एक तरुण जोडपं, मूल होणारं. एक काळा चष्मा लावलेला, फोनवर बोलत बोलत बोट वर करणारा. आणि मी. जॅसिंटाने माझ्या आकड्याची हद्द माझ्याच तळहातावर पेनने लिहिली होती. "त्यापुढे गेलीस तर मी तुला ओढून नेईन, मावशी."

जोडपं लवकर गळालं. ती मुलगी डोळे पुसत होती. चष्मेवाला आणि मी राहिलो. तळहातावरचा आकडा त्याने ओलांडला. लिलाववाला ओरडतोय, "एकवार..." जॅसिंटाने माझा दंड धरलेला. मी समोर पाहिलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून कप वर केला – एवढासा. मला वाटलं, शेजारी बोलावतोय.

मी बोट वर केलं. मग चष्मेवाल्याने मान हलवली आणि फोन खिशात टाकला. एकवार, दोनवार, तीनवार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाजवाव्याशा वाटल्या.

मग आत, सह्या करायला. स्वयंपाकघरातलं टेबल, प्लॅस्टिकची लिंबं. जेडन म्हणाला, "मालक येताहेत." मागचं दार कोणीतरी उचलून ढकललं.

तो आला. दारात पाय पुसले, दोनदा. टोपी काढून काखेत धरली.

"चेन्सू मिफसूद," जेडन म्हणाला. "घराचे मालक."

मी म्हटलं, "तुम्ही सोळात राहता."

"सोळात कोणी राहत नाही, बाई. भाडेकरू केव्हाच गेले. त्यांचा डबा मी ठेवतो, येणारे-जाणारे त्यात कचरा टाकतात. मागच्या कुंपणाला फट आहे, तिथून घरी येतो."

मागे त्याची मुलगी रीटा होती, हसून हसून थकलेली. "बाबांसाठी आम्ही मेल्टनला मागच्या अंगणात छोटंसं घर बांधलंय," तिने मला सांगितलं. "स्वतंत्र दरवाजा आहे."

जॅसिंटाने माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण काढलं.

त्याने सही केली. हळू, शाळेतल्यासारखी. मग मी केली.

रविवार, ५ मे

चर्चला गेले नाही. पांघरुणात पडून राहिले.

एका माणसासाठी घर घेतलं आणि त्याच माणसाला तिथून घालवलं. कोर्टात असली साक्ष ऐकली असती तर उतरवून घेताना हसू दाबलं असतं.

मंगळवार, ७ मे

वकिलाला फोन. एरवी खरेदी केली तर विचार बदलायला तीन दिवस मिळतात. लिलावात घेतलं की ते मिळत नाहीत – हे मला माहीत होतं. तरी विचारलं.

"घरात काही दोष निघालाय का?"

"नाही."

"शेजार वाईट आहे?"

"शेजारी चांगला होता. त्याचंच घर घेतलं मी."

"हे कुठल्याच कलमात बसत नाही, मिस टियर्नी."

जॅसिंटाचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. ती 'मी म्हटलं होतं' असं म्हणणार नाही. तिच्या न म्हणण्याचीच भीती वाटते.

मंगळवार, १४ मे

कचऱ्याचा दिवस. न राहवून गेले. तो डबे आत घेत होता. संपेपर्यंत मी बुटक्या कुंपणावर बसले. मग तोही येऊन बसला. थंड वीट, दोघांनाही उठताना त्रास होणार होता.

मी फटकारलंच. "तुम्ही त्या दिवशी सांगितलं का नाही, घर तुमचं आहे म्हणून?"

"रीटाने ताकीद दिली होती. एजंटनेही. घ्यायला आलेल्या माणसाशी बोलायचं नाही, नाहीतर भाव पडतो." मग म्हणाला, "नळांचं तेवढं बोललो."

"आणि कप का वर केलात?"

"तो चष्मेवाला घर पाडणार होता. इथे तीन खोकी उभी करणार होता. तुम्ही राहणार होता. तुम्ही दोन मंगळवार बसथांब्यावर बसलात आणि एकाही बसमध्ये चढला नाहीत. मी म्हटलं, ही बाई राहणारी आहे."

मी म्हटलं, मी घर बघितलंच नाही. तुम्हाला बघून घेतलं. मला अशी गल्ली हवी होती जिथे लोक एकमेकांचे डबे आत घेतात.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"लोक कुठे घेतात? मी घेतो," तो म्हणाला. "बायको गेली तेव्हापासून. डबा आत नेताना कोणी ना कोणी फाटकाशी भेटतं. कधी 'थँक्यू' म्हणतं. कधी नाही. तेवढंच." बोट करून दाखवलं, "ती कुत्र्याची मुलगी – तिला वाटतं कौन्सिलचा माणूस येऊन डबे आत ठेवतो. मला एकदा म्हणाली, आजोबा, इथली कौन्सिल फार चांगली आहे."

"लिलावाला तर सगळे आले होते."

"भाव बघायला, बाई. माझं घर कितीला गेलं, म्हणजे त्यांचं कितीला जाईल."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग तो म्हणाला, "तुम्हाला फसवलं का मी?"

म्हटलं, "नाही. मीच साक्षीदार ओळखला नाही."

शनिवार, १ जून

आज आमच्या घराचा लिलाव. गुरुवारी भाड्याचं फर्निचर मांडणाऱ्या दोन पोरी येऊन उनाची खुर्ची गॅरेजात टाकून गेल्या. भिंतीवर रेघांचं चित्र. ओट्यावर लिंबं. तीच लिंबं असतील, कोणास ठाऊक.

जॅसिंटा म्हणाली, "मावशी, तू आत बस." मी समोरच्या फुटपाथवर कप घेऊन उभी राहिले. आता कळलं तिथे का उभं राहायचं असतं. आत बसवतच नाही.

डावीकडचे डॉक्टर पेले घेऊन बाहेर आले होते. माझ्याकडे बघून हसले. "तुम्ही पण याच भागातल्या का?" त्यातल्या बाईने विचारलं.

"जरा लांबच्या," मी म्हटलं.

शनिवार, १५ जून

सामान बांधतेय. उनाचे सात चष्मे सापडले. एकही माझ्या नंबरचा नाही, तरी घेऊन चाललेय.

सोमवार, १ जुलै

ताबा घेण्याआधीची शेवटची पाहणी. जेडनला मीच दारात थांबवलं. भाड्याचं सगळं गेलं होतं. चेन्सू रिकाम्या घरात एकटाच, हातात पाना. एका नळातून थेंब पडत होता, तो घट्ट करत होता.

"नवीन माणसाला गळका नळ देऊ नये," म्हणाला.

मी थर्मासमध्ये चहा नेला होता. झाकणात आणि कपात घेतला. जमिनीवर बसलो, पाठ भिंतीला. मी विचारलं, मेल्टनला कसं आहे? तो म्हणाला, रीटा चांगली आहे. जावई चांगला आहे. टीव्ही मोठा आहे. सकाळी सगळे जातात. तिथे डबे यंत्रासारखे सारखे उभे असतात, पण घरांतून कोणी बाहेर येत नाही, गाड्याच बाहेर येतात.

मग त्याने मला एक सांगितलं. त्याच्या गावात गल्ली एवढी अरुंद, की समोरच्या घराची खिडकी आपल्या खिडकीला हात लावील. सकाळी उठल्यावर पहिलं काम – खिडकीची लाकडी झडप उघडायची. धाडकन, आवाज करून. समोरची म्हातारी ती ऐकून आपली उघडायची. कोणाची झडप बंद राहिली तर समोरच्याने जाऊन दार वाजवायचं. विचारायचं नाही, वाट बघायची नाही. जायचं.

"इथे आल्यावर पहिल्या दिवशी मी खिडकी धाडकन उघडली," तो म्हणाला. "शेजारच्याने पोलिसांना फोन केला."

मी हसले. फार दिवसांनी. रिकाम्या घरात ते भलतंच मोठं ऐकू आलं.

निघताना तो दारात थांबला, पाय पुसले – बाहेर जाताना! – आणि म्हणाला, "तुमच्याकडे फोन आहे ना, बाई?"

शनिवार, ६ जुलै

राहायला आले. ब्रेटने पाठ मोडून सामान उचललं, शेवटी सांडपाण्याची जाळीसुद्धा साफ करून दिली. मी त्याला मनात जेवढं बोलले ते सगळं मागे घेतलं नाही. अर्धं घेतलं.

संध्याकाळी सगळे गेले. रंगीत झग्यांतली बाई फाटकावरून गेली. मी हात केला. तिने मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कोण आहे म्हणून.

रविवार, ७ जुलै

सकाळी फोन. मी दात घासत होते.

"झडप उघडली," चेन्सू म्हणाला.

"इथेही उघडली."

त्याने ठेवला. एवढंच. मी फोन हातात धरून बराच वेळ उभी होते.

मंगळवार, ९ जुलै

कचऱ्याचा दिवस. दुपारपर्यंत वाट पाहिली. एकही डबा आत गेला नाही. मग मीच कोट घातला. लघुलेखिकेचं मनगट, ते जड डबे – तीन घरांनंतर दम लागला. कुत्र्याची मुलगी फाटकात आली.

"तुम्ही कौन्सिलच्या का?"

"नाही. मी चौदा नंबरची. वेरोनिका टियर्नी."

"ओह," म्हणाली. "मी टेगन." आणि मग, "तो आधीचा माणूस कुठे गेला?"

"त्याला नाव आहे," मी म्हटलं. जरा जोरातच. ती गोरीमोरी झाली. सांगितलं तिला नाव. दोनदा म्हणवून घेतलं.

उरलेले डबे तसेच राहिले. उद्या बघू.

सोमवार, १५ जुलै

रोज फोन. कधी तो आधी, कधी मी. दोन वाक्यं. जॅसिंटा विचारते, "मावशी, एकटं वाटत नाही ना?" वाटतं. संध्याकाळी फार वाटतं. घरातला प्रत्येक आवाज अजून परका आहे, आणि उना असती तर या स्वयंपाकघराच्या फरशीला काय काय बोलली असती ते मलाच बोलावं लागतं. पण सकाळी वाटत नाही.

मंगळवार, २३ जुलै

टेगनने स्वतःचा डबा स्वतः आत घेतला. माझा नाही. असो.

चेन्सूला सांगितलं. तो म्हणाला, "सुरुवात आहे." आज तीन वाक्यं झाली.

रविवार, २८ जुलै

त्याच्या आवाजात खरखर होती. विचारलं तर म्हणाला, सर्दी. रीटाला सांगितलंत? म्हणाला, ती कामात आहे. मी रागावले. तो म्हणाला, "बाई, झडप उघडली ना? झालं तर."

गुरुवार, १ ऑगस्ट

आज फोन नाही.

मी केला. वाजत राहिला. पुन्हा केला. रीटाचा फोन म्हणतो निरोप ठेवा – ठेवला, शुद्ध शब्दांत, दोनदा. चेन्सूने लिहून दिलेला मेल्टनचा पत्ता पोलिसांना दिला. ते म्हणाले, बघतो.

मग टॅक्सीला फोन. "मेल्टन?" पलीकडचा मुलगा म्हणाला. "फार लांब आहे, आजी. कोण आहे तिथे तुमचं?"

"शेजारी," मी म्हटलं.

कोट घातलाय. बाहेर हॉर्न वाजतोय.